उजव्या पट्टीची कप्तानबाई

तर काल आपल्या गोष्टीची गाडी आरशापाशी येऊन थांबली होती. आरसा म्हणजे टेलर मास्तरच्या दुकानातला, माणसाएवढा उंच, एका कोपऱ्यात पारा उडालेला. गिऱ्हाइकानं त्यात स्वतःला बघायचं आणि म्हणायचं, "मास्तर, काखेत ओढतंय हो." मास्तरनं टेप गळ्यात टाकत म्हणायचं, "एक धुणं होऊ द्या, आपोआप अंगाला बसेल." हा संवाद त्या आरशानं इतक्यांदा ऐकला होता, की त्याला बोलता आलं असतं तर मास्तरच्या आधी त्यानंच उत्तर दिलं असतं.

त्या आरशासमोर बुटक्या स्टुलावर, रस्त्याकडे पाठ करून, काजमामा बसायचा. तेव्हा तो कुणाचा मामा नव्हता. एकोणीस वर्षांचा, काडीसारखा, आणि मास्तर त्याला नुसता काज्या म्हणायचा. मामा ही पदवी फार मागून मिळाली, बहिणीला मुलगी झाल्यावर.

काम एकच, हातानं काज करायचं. शर्ट कोण शिवतो, कॉलर कोण लावतो, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पट्टीवर खडूची रेघ, रेघेवर कात्रीचा छेद, आणि छेदाच्या काठानं चाळीस-पन्नास टाके, मुंगीनं मुंगीचा हात धरावा तसे. काज झालं की त्यातून सुई घालून पलीकडच्या पट्टीवर खूण करायची आणि खुणेवर बटण लावायचं. आधी काज, मग बटण. बटणाला स्वतःची अशी जागा नसते, काज म्हणेल तिथं त्यानं मुकाट्यानं बसायचं असतं. आणि रस्त्याकडे पाठ अशासाठी, की उजेड खांद्यावरून हातातल्या कापडावर पडला पाहिजे. उजेडाकडे तोंड केलं तर डोळे दिपतात, टाका भरकटतो आणि मास्तरची चप्पल सुटते.

आता रस्त्याच्या पलीकडे होतं रेडिओ-टीव्हीचं दुकान. रस्ता असा चिंचोळा, की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागे. त्या दुकानाच्या काचेमागे एक टीव्ही दिवसभर चालू ठेवलेला असे. तो बरोबर या आरशात उमटायचा. काज्यानं मान वर केली की आरशात स्वतःचा कान दिसायचा आणि कानाच्या वर तो टीव्ही. मधे रस्ता आणि काच, त्यामुळे आवाज मात्र औषधालाही नाही.

गुरुवारी संध्याकाळी सहाला त्यावर अंतराळातली एक मालिका लागायची. कोळशाच्या इस्त्रीसारखं टोकदार जहाज काळ्या आभाळातून जायचं. जहाजावर एक कप्तान, बारीक जिवणीचा, गोऱ्या गालांचा, डोक्यावरची टोपी कधी म्हणून न काढणारा. मालिकेचं नाव यायचं ते असल्या अगम्य अक्षरांत, की काज्यानं ठरवून टाकलं, ही लिपी परग्रहावरचीच. चार यत्ता शिकलेल्या माणसाला ती यावी अशी अपेक्षाच चुकीची.

बरं, बघायचं तरी किती? मास्तर डोक्यावर उभा. एक काज संपलं की दोरा मेणावरून ओढायचा आणि तेवढ्यात मान वर करून आरशात बघून घ्यायचं. अर्ध्या तासाच्या भागात त्याच्या वाट्याला सहा-सात नजरा यायच्या.

"काज्या, सारखा आरशात काय बघतोस? गोरा होणारेस का?" मास्तर विचारायचा.

"नाही मास्तर, मान अवघडली."

"गुरुवारचीच बरी अवघडते रे तुझी मान!"

त्या सहा-सात नजरांवर काज्या घरी जाऊन दीड तासाची गोष्ट सांगायचा. ऐकणारी होती त्याची धाकटी बहीण. अकरा वर्षांची, चिमणी म्हणायचे तिला. कुंपणाच्या भिंतीवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं म्हणून डॉक्टरांनी पुन्हा मोडून पुन्हा बसवलं. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, आणि वर्षभर खाट. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची, तीही बिनरंगाची. पोर इतकी कंटाळली होती, की छतावरच्या पालीला तिनं नाव ठेवलं होतं आणि ती दिसली नाही तर जेवत नसे.

पहिल्या गुरुवारी काज्या तिच्या खाटेवर टेकला आणि म्हणाला, "आज एक जहाज बघितलं. आभाळात चालतं."

"कप्तान कसा आहे?"

"कसा नाही, कशी! बाई आहे."

"बाई? दिसते का तशी?"

"अजिबात नाही. पुरुषाचा वेष केलाय, टोपीत केस कोंबलेत. जहाजावर कुणालाही पत्ता नाही. एकट्या मला कळलंय."

"कशावरून?"

"काजावरून," काज्या ऐटीत म्हणाला. "पुरुषांच्या कपड्याची काजं डाव्या पट्टीवर असतात आणि बायकांची उजव्या. जहाजावर बाकीच्यांचे अंगरखे डोक्यातून घालायचे, बिनबटणाचे. कप्तानाला तेवढी बटणं आहेत, पाच. आणि काजं उजव्या पट्टीवर! तिला जहाजाची नोकरी हवी होती, पण तिथं बाईला कोण उभं करतंय? सगळं सोंग जमवलं बिचारीनं, पण अंगरखा स्वतः शिवला. सवयीनं काज गेलं उजवीकडे. माणूस खोटं बोलेल चिमणे, काज नाही बोलणार."

चिमणीचे डोळे बशीएवढे झाले. आई पलीकडे भांडी विसळत होती, तिनं नळ बारीक केला.

तेव्हापासून दर गुरुवारी हीच बैठक. काळ्या झग्यातला एक दुष्ट सरदार दर भागात कप्तानबाईंशी भांडायचा. भांडायचा, धमक्या द्यायचा, पण मारत कधी नव्हता. काज्यानं अनुमान काढलं, हा तिचा दीर. "एवढं भांडूनही पुढच्या गुरुवारी पुन्हा दारात हजर, म्हणजे नात्यातलाच, चिमणे. परका माणूस इतका चिकट नसतो." यावर आई आतून "अगदी खरं" म्हणाली, आणि ते कुणाला उद्देशून होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एकदा कप्तान कुणापुढे तरी हात जोडून रडताना दिसला. मधे दोन काजांची नजर हुकली होती. काज्यानं ते भोक असं बुजवलं, की कप्तानबाईंना माहेरची आठवण आली. चिमणी त्या दिवशी ढसाढसा रडली आणि मग पोटभर जेवली.

सव्वीस भाग झाले आणि मालिका संपली. प्लास्टर निघालं. पाय थोडा आखूड राहिला, चालताना ती डावीकडे झुकते अजून. पण ती उठली ती गप्प बसायला नाही. गावाला लागून रुंद नदी, या काठावरून त्या काठावर लाँच जायची. पोरगी मोठी झाली तशी धक्क्यावर रमू लागली, दोर टाकायला शिकली, इंजिनाशी बोलायला शिकली. आणि एके दिवशी अर्ज घेऊन थेट लाँचच्या कचेरीत गेली, सुकाणूवर घ्या म्हणून.

साहेबानं चष्म्यावरून बघितलं. "या कामावर बाई कधी ऐकलीय?"

"ऐकलीय तर! सव्वीस भाग ऐकलेत," ती म्हणाली.

साहेबाला काडीचं कळलं नाही, पण असल्या उत्तराला नाही कसं म्हणायचं हेही त्याला कळलं नाही. परीक्षा घेतली, ती पास झाली. कचेरीनं गणवेश दिला तो पुरुषाचा, दुसरा नव्हताच. पांढरा शर्ट, पाच बटणं. तिनं तो तसाच भावापुढे टाकला. "दादा, कप्तानबाईंसारखं करून दे."

काजमामानं डाव्या पट्टीवरची पाच काजं रफू करून बुजवली, त्यांच्यावरच बटणं लावली, आणि उजव्या पट्टीवर नवी पाच काजं केली. पुढे तेहतीस वर्षं जो जो गणवेश आला, तो आधी मामाच्या मांडीवर आला. धक्क्यावर तिचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही. भोंगा वाजला की लोक म्हणतात, कप्तानबाई आल्या.

तर अशी ही कप्तानबाई निवृत्त व्हायची वेळ आली. शनिवारी शेवटची फेरी. तिची मुलगी, म्हणजे मामाची भाची, आठवडाभर आधी मामाच्या घरी आली. मामा आता घरीच काम करतो. मास्तर गेला, दुकान मिटलं, तेव्हा मामानं आठवण म्हणून काय मागितलं असेल, तर तो आरसा.

"मामा, आईला काय देणारेस?"

"शर्ट आता नको तिला. विचार करतोय."

"तुमची ती जहाजाची मालिका दे ना! जुन्या मालिकांच्या डीव्हीडी मिळतात. बाजारात त्या जिन्याखालच्या दुकानात बघ. आमच्याकडे यंत्र आहे. आई अजून माझ्या डोक्याला तेल लावताना त्या दिराला शिव्या देते, तिनं एकदा डोळ्यांनी बघू दे की!"

मामा स्टुलावरून टुणकन उठला. आपल्याला हे सुचलं कसं नाही! सत्तेचाळीस वर्षांत ती मालिका त्यानं पुन्हा पाहिली नव्हती, आणि चिमणीनं तर कधीच नाही.

"आणि मी आईला सांगून ठेवते," भाची जिन्यावरून ओरडली, "मामा जहाज घेऊन येतोय म्हणून!"

जिन्याखालचं दुकान म्हणजे कपाटापेक्षा थोडं मोठं. जमिनीपासून छतापर्यंत खोकी, मधे एक छोटा टीव्ही, आणि चोरांवर नजर ठेवायला वरच्या कोपऱ्यात फुगीर गोल आरसा. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होता.

"कपाळावर आहे," मामा म्हणाला.

"हां हां. बोला काका, काय देऊ?"

"अंतराळातली मालिका. जुनी. जहाज इस्त्रीसारखं."

"नाव?"

"नाव परग्रहाच्या भाषेत होतं."

दुकानदारानं चष्मा खाली ओढून मामाला नीट बघितलं. "गोष्ट काय होती?"

"एक बाई पुरुषाच्या वेषात कप्तान होते. तिचा दीर फार छळतो तिला."

"दीर? अंतराळात?"

"का, अंतराळात नातेवाईक नसतात?"

"काका, तीस वर्षं हा धंदा करतोय. दीर असलेली अंतराळ मालिका या दुकानात काय, जगात नाही. घरगुती मालिका तिकडे, खालच्या फळीवर."

मामा हार मानणारा नव्हता. त्यानं काउंटरवरचा कागद ओढला आणि त्याला जे येत होतं ते काढलं. चेहरा नाही, जहाज नाही, नुसता अंगरखा. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी पट्टी, पाच बटणं, वरून तिसरं कायम उघडं. दुकानदार कागदाकडे बघत राहिला आणि एकदम टाळी वाजवून शिडीवर चढला. "अहो, 'गलबत क्रमांक नऊ'! सगळे सव्वीस भाग आहेत! पण यात बाई कुठली काढलीत तुम्ही?"

जाडजूड खोका काउंटरवर आला. वर ते इस्त्रीसारखं जहाज, आणि पुढे छाती काढून कप्तान. मामानं खोका उजेडाकडे धरला. बोटानं पट्टी चाचपावी तसं चित्र चाचपलं. काजं डाव्या पट्टीवर.

"छपाई उलटी झालीय," मामा म्हणाला.

"उलटी असती तर अक्षरं उलटी नसती का?"

मामाला ते पटलं, हाच घोटाळा झाला. तरी तो म्हणाला, "लावून दाखवा." दुकानदारानं पहिला भाग लावला. कप्तानानं तोंड उघडलं, आणि सत्तेचाळीस वर्षांत मामानं पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. रिकाम्या पिंपात दगड टाकावा तसा आवाज! नदीपलीकडची म्हैस वळून बघेल असा!

मामानं दचकून मान वर केली, आणि नजर गेली कोपऱ्यातल्या गोल आरशात. तिथं लहानसा टीव्ही दिसत होता. त्यात कप्तान उभा, नव्हे उभी. काजं उजव्या पट्टीवर. तीच ती.

"आरसा," मामा पुटपुटला. "अरे देवा, मी आरशात बघत होतो की!"

दिवसाला दहा गिऱ्हाइकं ज्यानं आरशात उलटी झालेली पाहिली, त्याच्या हे डोक्यात कसं आलं नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तो दुकानातल्या स्टुलावर टेकला. दुकानदार म्हणाला, "काका, पाणी देऊ? दीर भेटेल हो, निराश नका होऊ."

मामाला घोर लागला होता तो दिराचा नव्हता. चिमणीनं ज्या बाईकडे बघून सगळं आयुष्य उभं केलं, ती बाई कधी नव्हतीच. साहेबापुढे ताठ मानेनं दिलेलं उत्तर, तेहतीस वर्षांचं सुकाणू, सगळं एका चुकलेल्या काजावर उभं. आणि शनिवारी ती विचारणार, दादा, तू मला खोटं सांगितलंस? काज खोटं बोलत नाही म्हणणारा माणूस तो, काय सांगणार होता?

खोका त्यानं घेतला, कारण भाचीनं तोवर सांगूनही टाकलं असणार. दोन दिवस हातात सुई घेतली की बोटात टोचायची. भिंतीवरचं घड्याळ देऊ या म्हणून एकदा घड्याळं बघून आला. बहिणीनं आयुष्यभर फेऱ्यांच्या वेळा पाळल्या, आता पुन्हा घड्याळ देऊन तिचे शिव्याशाप कोण घेणार? तिसऱ्या दिवशी दाढी करायला आरशासमोर उभा राहिला, आणि गालाला फेस तसाच ठेवून हसत सुटला.

शनिवारी शेवटची फेरी झाली. भोंगा इतका वेळ वाजला, की दोन्ही काठांवरची कुत्री भुंकून दमली. कप्तानबाई गणवेशातच घरी आल्या, तर दारात हातगाडी उभी आणि गाडीवर पांघरुणात गुंडाळलेला मास्तरचा आरसा.

"अरे मामा, जहाज आणणार होतास, आरसा काय आणलास?" भाची म्हणाली.

"जहाज यातूनच जातं. एक कोपरा धर."

मामानं टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवलं, भिंतीशी आरसा उभा केला आणि सगळ्यांना टीव्हीकडे पाठ करून आरशासमोर बसवलं. आवाज पूर्ण बंद. स्वतः बुटक्या स्टुलावर, पूर्वीसारखाच.

"हे काय रे दादा?" बहीण हसत होती.

"ही मालिका अशीच बघतात. मी बघितलीय ना, मला विचार."

इस्त्रीचं जहाज आलं. परग्रहाची अक्षरं आली. आणि मग कप्तान आला, टोपी, बारीक जिवणी, पाच बटणं, तिसरं उघडं. चिमणी खुर्चीतून अर्धी उठली. "ही! अगदी तश्शी! दादा, तू सांगितलीस तश्शीच आहे रे! आणि हा मेला दीर!" अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण टाळ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या. मामाला कंठ फुटला. काय ती कप्तानबाईची हुशारी, काय तो दिराचा कावा! गोष्ट अशी रंगली, की आरशातली माणसं मामा म्हणेल तसे ओठ हलवताहेत असं वाटावं.

भाचीला काय ठाऊक? तिला वाटलं, आवाज बिघडलाय. तिनं हात मागे करून बटण दाबलं.

पिंपात दगड पडला. "नांगर उचला!" असं कप्तान गरजला, आणि खोलीतल्या कपबश्या थरथरल्या.

कप्तानबाईंनी मागे वळून टीव्हीकडे बघितलं. मग आरशात. मग पुन्हा टीव्हीकडे. मग मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे. एक बटण सोडून त्याखालचं रफू त्यांनी बोटानं चाचपलं. भाचीनं आवाज बंद केला, पण आता उशीर झाला होता.

"दादा," त्या म्हणाल्या, लाँच सुटताना उडी मारून चढणाऱ्यांना दटावायच्या त्याच आवाजात. "इकडे बघ. कप्तान पुरुष होता?"

मामानं मान डोलावली.

"म्हणजे एका आरशापायी तू माझ्या प्रत्येक शर्टाची काजं उलट्या बाजूला केलीस? आणि मी साहेबाला जाऊन छातीठोक सांगितलं, बाई ऐकलीय म्हणून! आता काय करायचं या सगळ्याचं, बोल ना!"

भाचीला कळेना आई रागावलीय की हसू दाबतेय. मामानं सवयीनं कानामागचा खडू चाचपला, आरशातल्या कप्तानाकडे एकदा बघून घेतलं, आणि म्हणाला, "काज चुकीच्या बाजूला गेलं गं चिमणे, कबूल, पण बटण तेहतीस वर्षं पक्कं बसलंय ना? मग आता उसवतेस कशाला, गप आरशाकडे तोंड कर, दीर यायची वेळ झालीय!"